आडोसा

कर्जत म्हटले की मुंबईकराला दोन गोष्टी हटकून आठवतात: एक फलाटावरचा बटाटेवडा आणि दुसरी गाडीला मागून लागणारी इंजिने. पुण्याकडे निघालेली गाडी इथे थांबते ती घाट चढण्याच्या तयारीसाठी. बोरघाटात ३७ फुटांना १ फूट असा चढ आहे. पुढच्या एकट्या इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून मागून रेटा देणारी इंजिने जोडतात. १८६३ साली या घाटातून रूळ गेले. इंजिने जोडली जाईपर्यंत प्रवाशाने वडा खावा, चहा घ्यावा, समोरच्या डोंगराकडे पाहावे आणि "काय सुरेख जागा आहे, नाही? इथं एखादं घर पाहिजे!" असे म्हणावे, हा शिरस्ताच आहे. आम्हीही तो चाळीस वर्षे इमानाने पाळला. आमच्या चिरंजिवांनी मात्र ते वाक्य मनावर घेतले.

तीन वर्षांपूर्वी त्यांनी कर्जतला, गावाबाहेर, उल्हास नदीपासून हाकेच्या अंतरावर घर बांधले. मुंबईहून कर्जत शंभर किलोमीटर. बदलापूर मागे पडले की गाडीतली गर्दी ओसरते. वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी अशी स्टेशने येतात. उजव्या हाताला माथेरानचा डोंगर बसलेला, डाव्या हाताला सह्याद्रीची लांबच लांब भिंत, आणि मधे भाताची खाचरे. श्रावणात या मैदानाकडे पाहिले की हिरव्या रंगात इतक्या छटा असतात यावर विश्वास बसतो. घराच्या गच्चीवर उभे राहिले तर माथेरान आणि राजमाची दोन्ही दिसतात. एवढे असल्यावर माणसाला आणखी काय हवे?

आणखी एक भिंत हवी होती!

त्याचे असे झाले. घराचा आराखडा चिरंजिवांनी स्वतः मन लावून करून घेतला होता. आत शिरले की एकच मोठा दिवाणखाना, तीस फूट लांब आणि सोळा फूट रुंद. बसायचे तिथेच, जेवायचे तिथेच, स्वयंपाकाचा ओटाही त्याच्याच एका टोकाला. मधे भिंत नाही, दार नाही. झोपायच्या खोल्या दोन, त्या वरच्या मजल्यावर. "हल्ली अशीच घरं बांधतात, नाना," चिरंजीव म्हणाले. "अमेरिकेत फ्रँक लॉइड राइट, फ्रान्समध्ये ल कॉर्बुझिए, या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच खोल्यांचे डबे मोडून काढले. घरातली माणसं एकमेकांना दिसली पाहिजेत." आम्हाला हे पटले. गिरगावात दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे एकमेकांना अहोरात्र दिसत होती आणि तेव्हा आम्हाला फ्रेंच शिल्पकाराची गरजही पडली नव्हती, हे मात्र आम्ही बोललो नाही.

मग गेल्या वर्षी आई कर्जतला राहायला आली. वय वर्षे चौऱ्याऐंशी. गुडघे जिना चढू देत नाहीत. साहजिकच तिची कॉट खाली, दिवाणखान्याच्या पूर्वेकडच्या खिडकीशी लागली. खिडकीतून डोंगर दिसतो, वारा येतो, ऊन येते. सर्वांनी तिचे अभिनंदन केले की घरातली उत्तम जागा तुला मिळाली! आईही हसली.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. मग आई गप्प होऊ लागली. दुपारी पडायची ती डोळ्यांवर पदर ओढून. रात्री नातू उशिरापर्यंत टीव्ही पाहत, दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर. लुगडे बदलायचे म्हणजे न्हाणीघरात जायचे आणि ओल्या फरशीवर तोल सावरायचा. एकदा चिरंजिवांचे मित्र अचानक आले तेव्हा ती औषधाचे तेल गुडघ्याला चोळत बसली होती. तिने जी घाईघाईने पायांवर चादर ओढली, ती पाहुणे जाईपर्यंत, दोन तास, तशीच ताठ बसून राहिली. त्या दिवसापासून तिने दिवसा आडवे होणेच सोडून दिले. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत खुर्चीत बसलेली, जणू स्टेशनवर गाडीची वाट पाहते आहे.

आमच्या कुटुंबाने हे प्रथम ओळखले. "त्यांच्या कॉटेपाशी एक भिंत घाला," ती म्हणाली. झाले! घरात दोन पक्ष पडले. चिरंजिवांचे म्हणणे, भिंत घातली की उजेड गेला, वारा गेला, घराचा जीव गेला. सूनबाईंचे म्हणणे, भिंतीने माणूस एकटे पडते. रात्री आजींना काही झाले तर कळायचे कसे? गवंडी आला. त्याने टेप लावून सांगितले, दहा फूट लांबीची भिंत वर छतापर्यंत नेतो, दार बसवतो, आठ दिवसांत स्वतंत्र खोली तयार. हे सगळे आईच्या देखत चालले होते. गवंडी गेल्यावर ती प्रथमच बोलली. म्हणाली, "मला खोली नको. भिंत घालून दार लावलंत म्हणजे मला बाजूला काढलंत. त्यापेक्षा आहे तशी बरी आहे मी."

यावर कोण काय बोलणार? भिंतीचा विषय बंद झाला. पण घरात उघडपणे बोलणेही कमी झाले. भिंत न घालताच भिंत उभी राहिली म्हणा ना!

भाद्रपदाच्या अखेरीस पाऊस जरा उघडला तेव्हा चिरंजिवांबरोबर मी कोंडाण्याची लेणी पाहायला गेलो. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत गाडी जाते, पुढे राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून तासाभराची पायवाट. वाट निसरडी; कारवीच्या झुडपांतून जावे लागते. ही कारवी सह्याद्रीच्या उतारांवर माणसाहून उंच वाढते. सात वर्षे ती नुसती पाने मिरवते आणि आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या काठ्या सरळ आणि चिवट असतात, हे लक्षात असू द्या. पुढे कामाला येणार आहे.

कोंडाण्याची लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. लाकडी घराची नक्कल दगडात केलेली, वर कमान, तिच्यावरून पावसाळ्यात पाण्याची धार पडत असते. चैत्यगृहाशेजारी भिक्षूंचा विहार आहे. मधे खांबांचा मोठा खुला दिवाणखाना आणि त्याच्या तिन्ही बाजूंना एकेका माणसापुरत्या लहान लहान खोल्या. मी चिरंजिवांकडे पाहिले. चिरंजिवांनी छताकडे पाहिले. ज्यांनी घरदार सोडले, सगळे काही वाटून घेतले, त्यांनासुद्धा पाठ टेकायला स्वतःचा कोपरा लागला होता. परतीच्या वाटेवर चिरंजीव बराच वेळ गप्प होते.

वाटेत एक ठाकूरवाडी लागते. तिथली एक बाई कर्जतच्या बाजारात रानभाज्या विकायला बसते. पावसाच्या तोंडी शेवळा, मग टाकळा, मग करटोली. सूनबाईंची तिच्याशी ओळख. तिने आम्हाला ओळखून हाक मारली आणि चहाला बसवले. वाडीतल्या बऱ्याच घरांना सरकारी घरकुलाच्या विटांच्या भिंती आल्या आहेत, पण हिचे घर अजून जुन्या घडणीचे. सारवलेली जमीन, वर कौले, बाहेरच्या भिंती कुडाच्या. आत एकच लांबट खोली. तिच्या मधोमध, एका बाजूने निघून अर्ध्यावर थांबलेला असा आणखी एक कूड. उंची माझ्या डोक्याच्या थोडी वर. त्याच्यावर मोकळी जागा, तिथून चुलीचा धूर कौलांकडे जातो. टोकाला दार नाही, नुसती वाट.

कुडाच्या अलीकडे आम्ही बसलो. पलीकडे चूल, आणि चुलीपाशी तिची म्हातारी सासू अंथरुणावर. आम्हाला ती दिसत नव्हती, आणि तरी सबंध गप्पांत तीच पुढे होती. चहात साखर किती घालायची, बकरी कोणती व्यायली, पाहुणे कुठले, मुंबईत भात काय भाव, सगळे कुडापलीकडून! मी विचारले, "याला दार का नाही केलं?" सून उत्तर देणार तोच पलीकडून आवाज आला, "दार कशाला? आडोसा हाय तेवढा पुरं. दार लावलं तर माझं कोण ऐकंल?"

चिरंजीव चहाचा पेला हातात धरून त्या कुडाकडे पाहत राहिले.

तो कूड कसा घालतात हे मी विचारून घेतले. जमिनीत मेढी, म्हणजे बेचक्याचे खांब पुरायचे. त्यांना बांबूच्या चिरलेल्या कांबी आडव्या बांधायच्या. त्या कांबींत कारवीच्या काठ्या उभ्या, एकीला एक लागून, विणायच्या नि सुंभाने आवळायच्या. मग माती, शेण आणि भाताचा तूस एकत्र मळून दोन्ही बाजूंनी लिंपायचे. तूस असला की माती वाळताना तडकत नाही. पावसाळा संपला की दिवाळीच्या आधी पुन्हा एक हात सारवण. भिंत तीन-चार बोटे जाड, पण आतून पोकळ नसल्याने टणक. आणि हलकी इतकी की जमिनीला तिचा भार नाही. "कुडाला कान असतात" असे आपण म्हणतो ते तक्रारीच्या सुरात. ज्याला घरातले ऐकू यावे असे वाटते, त्याला कुडाचे हे कान केवढा आधार देत असतील!

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांतही आतल्या भिंती वाशांपर्यंत नेत नसत, हे तेव्हा मला आठवले. माजघर, देवघर, स्वयंपाकघर वेगळे, पण वरचा आढ्याखालचा पोकळा सगळ्यांचा एक. गरम हवा वर जाते आणि तिथून बाहेर पडते. भिंत वर बंद केली की ती खोलीतच कोंडते. जपानी माणसानेही सरकत्या दारांच्या वर कोरीव जाळीची पट्टी ठेवली ती वाऱ्याउजेडासाठीच. थंड देशांत एके काळी प्रत्येक खोलीचे दार घट्ट लावावे लागे, नाहीतर शेकोटीची ऊब निघून जाई; घरभर नळांतून ऊब खेळवण्याची सोय झाली तेव्हा त्यांना भिंती काढणे परवडले. आपली अडचणच निराळी. आपल्याला ऊब राखायची नसून वारा राखायचा आहे. त्याला भिंत काढायची गरज नाही. वर थोडी सोडली की पुरे.

आश्विनात आईने महडला जायचे काढले. अष्टविनायकांतला वरदविनायक तो. खालापूर तालुक्यात, कर्जतहून तासाभराच्या आत. पळसदरी सोडली की जमीन किंचित उचलल्यासारखी होते. डोंगर म्हणवत नाही, उंचवटाच; पण त्याच्या अलीकडे पडलेला पाऊस उल्हासला मिळून वसईच्या खाडीत जातो आणि पलीकडचा पाताळगंगेला मिळून धरमतरच्या खाडीत. पुढे खोपोली. घाटाचा रेल्वेमार्ग होण्याच्या सात वर्षे आधी, १८५६ साली, आगगाडी इथपर्यंत आली होती. वरचा घाट लोक पालखीतून, तट्टावरून नाहीतर पायी चढत. इथेच १९१५ साली टाटांचे वीजघर सुरू झाले. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून खाली येते, वीज देते आणि पाताळगंगेला मिळते. आई लहानपणी वडिलांबरोबर इथे आली होती. त्या नळांकडे बोट दाखवून ती नातवाला काहीबाही सांगत होती. कित्येक दिवसांनी एवढे बोलली.

महडचे देऊळ १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले. १८९२ पासून तिथला नंदादीप अखंड तेवतो आहे असे सांगतात. भाविकाला गाभाऱ्यात जाऊन स्वतः पूजा करता येते, हा या देवळाचा लौकिक. आईला धरून आम्ही आत नेले. बाहेर आल्यावर ती तळ्याच्या कडेला टेकली. आम्ही सारे भोवती होतो. ती सहज बोलावे तसे म्हणाली, "देवालासुद्धा बघ, एवढा मोठा मंडप असून गाभारा वेगळा लागतो. पण आत कोण आलं, कोण गेलं, घंटा कोणी वाजवली, सगळं त्याला कळतं. तेवढंच हवं असतं रे."

चिरंजिवांनी विचारले, "आजी, मग तुला भिंत नको म्हणालीस ती?"

"भिंत नको म्हणाले का मी? दार नको म्हणाले."

परत येताना चौकच्या रस्त्याने आलो. उजेड उतरत होता आणि समोर इर्शाळगडाचा सुळका दिसत होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपेतली ठाकूर मंडळी घरांसकट गाडली गेली. वाचलेल्यांचे पुनर्वसन चौकच्याच परिसरात झाले आहे. गाडीत कोणी बोलले नाही. आईने हात जोडले. एका भिंतीपायी दोन महिने घरात तोंडे फिरवून बसलो होतो, याची मला त्या क्षणी मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी चिरंजीव कागद-पेन्सिल घेऊन बसले. दहा फूट लांब, सात फूट उंच. बसलेल्या माणसाला आडोसा साडेचार फुटांनीही मिळतो, पण उभ्याने लुगडे नेसायचे तर सात फूट हवेत. छत साडेदहा फुटांवर, म्हणजे वर साडेतीन फूट मोकळे. पंख्याचा वारा दोन्हीकडे जाईल. भिंत खिडकीला काटकोनात, म्हणजे सकाळचे ऊन अडणार नाही. टोकाला तीन फुटांची वाट, दार नाही.

ज्यांना आपल्या घरी असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी इथे दोन शब्द. एवढीच भिंत अर्ध्या विटेची, दोन्हीकडून गिलावा करून घातली तर तिचे वजन दीड टनाच्या आसपास जाते. तळमजल्यावर, खाली पक्की जमीन असेल तर ठीक. पण इमारतीतल्या वरच्या मजल्यावर इंजिनिअरला विचारल्याशिवाय एवढा भार मधल्या लादीवर टाकू नये. हल्ली हलके ठोकळे मिळतात, त्यांनी वजन निम्म्यावर येते. दुसरे असे, की वर छताला न भिडणारी आणि एका टोकाला मोकळी असलेली भिंत धक्क्याने हलू शकते. त्या मोकळ्या टोकाला खांब हवाच. म्हाताऱ्या माणसाने उठताना तिलाच धरायचे असते.

आमच्याकडे विटांचा प्रश्न आला नाही. कूडच घालायचा असे ठरले होते. रानभाजीवाल्या बाईचा मुलगा आणि त्याचा मामा आले. कारवी आता रानातून मनाला येईल तशी तोडता येत नाही, म्हणून उभ्या काठ्याही बांबूच्याच चिरून घेतल्या. खाली वाळवी लागू नये म्हणून विटांचे दोन थर, त्यावर सांगाडा. लिंपणाच्या दिवशी सूनबाई आणि दोन्ही मुले कोपरापर्यंत मातीत होती. घरभर ओल्या मातीचा आणि शेणाचा वास. फ्रेंच शिल्पकार असता तर काय म्हणाला असता कोण जाणे! चिरंजीव उत्साहाने पाहुण्यांना समजावू लागले, "खर्च थोडा, वजन नाही, आणि मुख्य म्हणजे पुढं नको असली तर काढताही येते."

बोलून झाल्यावर त्यांना आपण काय बोललो ते उमगले. सगळे स्तब्ध. आई खुर्चीतून म्हणाली, "काढा की. फक्त घाई करू नका म्हणजे झालं." आणि स्वतःच मोठ्याने हसली. मग आम्हीही हसलो. चिरंजिवांना मात्र डोळ्यांत माती गेल्याचे निमित्त करून बाहेर जावे लागले.

वसुबारसेला कूड पुरता वाळला. आईने त्याच्या आतल्या अंगाला एक खुंटी मारून घेतली आणि तिच्यावर जपाची माळ अडकवली. गिरगावच्या खोलीत तिने पन्नास वर्षे जुन्या लुगड्याचा पडदा शिवून दांडीवर टांगलेला होता. त्या पडद्याआड बाळंतिणी उठल्या-बसल्या, मुले परीक्षेचा अभ्यास करीत, आजारी माणसे बरी झाली. त्या आठ माणसांत तिचे कसे निभावले याचे कोडे मला आता सुटले. तिथे जागा नव्हती, पण पडदा होता. इथे आम्ही तिला जागाच जागा दिली आणि पडदा द्यायला विसरलो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे मी सर्वांत आधी उठलो अशा समजुतीत खाली आलो. दिवाणखान्यात अंधार होता. दबक्या पावलांनी चुलीकडे, म्हणजे ओट्याकडे गेलो नि चहाचे आधण ठेवले. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून जपत होतो. तोच कुडापलीकडून आवाज आला, "आलं किसून घाल. काल पत्तीचं नुसतं पाणी झालं होतं."